सलामांकात राहून स्पॅनिश शिकताना: पूर्वतयारीपासून परीक्षेपर्यंत

स्पेनमध्ये तीन महिने राहून स्पॅनिश न बोलताच परत येणे सहज शक्य आहे. सकाळी चार तास वर्ग, दुपारी वर्गातल्याच परदेशी मित्रांबरोबर इंग्रजीत गप्पा, संध्याकाळी घरच्यांशी व्हिडिओ कॉल आणि झोपण्यापूर्वी मोबाइलवर एखादी मराठी मालिका, असा दिवस गेला की भोवताली कितीही स्पॅनिश असले तरी ते कानांवरून नुसते वाहून जाते. ज्याला इमर्शन, म्हणजे भाषेत पूर्ण बुडून शिकणे, म्हणतात ते विमानाच्या तिकिटाबरोबर आपोआप मिळत नाही. स्पॅनिशवाचून आपले अडेल अशी परिस्थिती जाणीवपूर्वक उभी करावी लागते, आणि म्हणून गाव, शाळा, घर व दिनक्रम या चारही गोष्टी या एकाच कसोटीवर निवडायला हव्यात. पुढील सर्व सूचना त्याच दृष्टीने केल्या आहेत. उदाहरणासाठी सलामांका हे शहर घेतले आहे, कारण परदेशी विद्यार्थ्यांना स्पॅनिश शिकवण्याची तेथील परंपरा मोठी आहे आणि पहिल्यांदाच युरोपात जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला ते शहर आकाराने, खर्चाने व उच्चारांच्या स्पष्टतेने झेपणारे आहे.

निघण्यापूर्वी किती स्पॅनिश यावे

कोरी पाटी घेऊन स्पेनला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. युरोपीय चौकटीनुसार भाषेच्या ए-१ ते सी-२ अशा सहा पातळ्या मानल्या जातात. यांपैकी पहिल्या दोन, म्हणजे ए-१ आणि ए-२, आपल्याकडेच पूर्ण करून जावे. आकडे, वार, वर्तमानकाळातील क्रियापदांची रूपे आणि ओळख करून देण्याची वाक्ये पुण्यात किंवा ठाण्यात बसूनही तितकीच चांगली शिकता येतात. त्यांसाठी युरोमध्ये शुल्क, निवास आणि विमानप्रवास असा तिहेरी खर्च करण्यात अर्थ नाही. ए-२ पूर्ण करून गेलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून यजमानांचे निम्मे बोलणे कळते, आणि उरलेले निम्मे कळावे म्हणून तो विचारू शकतो. परदेशातील दिवसांचा उपयोग सुरू होतो तो या विचारण्यापासून.

पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात, ज्याला सगळे रानडे इन्स्टिट्यूट म्हणूनच ओळखतात, स्पॅनिशचे वर्ग चालतात. स्पेन सरकारने १९९१ मध्ये स्थापन केलेल्या इन्स्तितुतो सेर्वान्तेस या संस्थेचे केंद्र नवी दिल्लीत आहे आणि तिचे ऑनलाइन अभ्यासक्रम घरबसल्या करता येतात. ज्याला जवळपास वर्गच उपलब्ध नाही त्याने आठवड्यातून किमान दोन तास एखाद्या शिक्षकाशी ऑनलाइन बोलण्याची व्यवस्था करावी आणि रोज अर्धा तास स्पेनचे सरकारी आकाशवाणी केंद्र, रादिओ नासिओनाल, इंटरनेटवर ऐकावे. सुरुवातीला काहीच कळत नाही; तरीही कान त्या वेगाला सरावतात आणि तेथे पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातील गोंधळ पुष्कळ कमी होतो.

या टप्प्यावर आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. आपल्यापैकी बहुतेकांना स्पॅनिश इंग्रजीतून शिकवले जाते आणि त्यामुळे आपण मनातल्या मनात इंग्रजी वाक्याचे स्पॅनिश करू लागतो. मराठी माणसाने हा वळसा घेण्याची गरज नाही, कारण स्पॅनिशमधील ज्या जागी इंग्रजी भाषक अडखळतात त्यांतील कित्येक जागा मराठीत आधीपासूनच आहेत. 'मे गुस्ता एल काफे' म्हणजे 'मला कॉफी आवडते' आणि 'मे गुस्तान लास नारांखास' म्हणजे 'मला संत्री आवडतात'. दोन्ही भाषांत क्रियापद आवडणाऱ्या माणसाप्रमाणे चालत नाही, आवडलेल्या वस्तूप्रमाणे चालते. 'मी घर बघते' परंतु 'मी मारियाला बघते' असा जो भेद आपण नकळत करतो तोच 'बेओ ला कासा' आणि 'बेओ आ मारिया' यांत आहे. स्पॅनिशमधील या 'आ'साठी इंग्रजी पुस्तकांत नियम आणि अपवाद यांची पाने भरलेली असतात; आपण मात्र 'ला' प्रत्यय कोठे लागेल याचा विचार केला की बहुतेक वेळा उत्तर बरोबर येते. 'किएरो के बेंगास' या वाक्यातील क्रियापदाच्या रूपाला परदेशी विद्यार्थी अक्षरशः घाबरतात, पण 'तू यावेस अशी माझी इच्छा आहे' या वाक्यातील 'यावेस' हे रूप त्याच कामाचे आहे. कर्त्याचे सर्वनाम गाळणे, नामांना लिंग असणे, 'तू' आणि आदरार्थी रूप वेगळे असणे, हे सारे आपल्याला नवीन नाही. उच्चारांतही आपले त, द, प आणि क हे स्पॅनिशच्या अगदी जवळचे आहेत.

अडचणी आहेत त्या वेगळ्याच ठिकाणी. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही. स्पॅनिशमध्ये पहिल्या अक्षरावर जोर देऊन 'आब्लो' म्हटले तर 'मी बोलतो' आणि शेवटच्या अक्षरावर दिला तर 'तो बोलला'. आपल्या 'आहे' या एका शब्दासाठी स्पॅनिशमध्ये 'सेर' आणि 'एस्तार' ही दोन क्रियापदे आहेत. 'एस आबुर्रिदो' म्हणजे तो माणूस कंटाळवाणा आहे आणि 'एस्ता आबुर्रिदो' म्हणजे त्याला कंटाळा आला आहे, तेव्हा गडबड झाली तर ऐकणाऱ्याचा गैरसमज होतो. एकेरी आणि ठसठशीत 'र' यांत 'पेरो' म्हणजे 'पण' आणि 'पेर्रो' म्हणजे 'कुत्रा' इतका फरक पडतो. स्पेनच्या बहुतेक भागांत काही अक्षरांचा उच्चार जीभ दातांमध्ये आणून होतो, ज्यासाठी देवनागरीत चिन्ह नाही. येथे सोयीसाठी त्या जागी 'स' लिहिला आहे. या मोजक्या गोष्टींवर निघण्यापूर्वीच मेहनत घेतली तर पुढचे सगळे सोपे जाते.

गाव कोणते निवडावे

सलामांका हे स्पेनच्या पश्चिम भागात, माद्रिदपासून दोनशे किलोमीटरांहून थोडे दूर, तोर्मेस नदीच्या काठी वसलेले शहर आहे. राजा आल्फोन्सो नववा याने १२१८ मध्ये स्थापन केलेले तेथील विद्यापीठ आजही चालू आहे. १४९२ मध्ये कास्तिलियन, म्हणजेच स्पॅनिश, भाषेचे व्याकरण प्रसिद्ध करणारा आन्तोनियो दे नेब्रिखा याच विद्यापीठाशी संबंधित होता. जुने शहर १९८८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि ते सगळे पायी फिरता येते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की बसचा वेळ वाचतो, दुकानदार व शेजारी तेच तेच भेटतात आणि ओळखी लवकर होतात.

मात्र याच शहरात परदेशी विद्यार्थ्यांची गर्दी फार आहे आणि त्यांची आपापसातील भाषा बहुधा इंग्रजीच असते. हा धोका ओळखून ज्यांना तो टाळायचा आहे त्यांनी बायादोलिद किंवा बुर्गोस अशा कमी प्रसिद्ध शहरांचा विचार करावा. तेथे शाळा कमी आहेत, पण रस्त्यावर इंग्रजी जवळजवळ ऐकू येत नाही. बार्सेलोना आणि बालेन्सिया ही शहरे सुंदर असली तरी तेथे अनुक्रमे कातालान आणि बालेन्सियानो या भाषाही सार्वजनिक व्यवहारात आहेत, त्यामुळे फलक एका भाषेत आणि वर्ग दुसऱ्या भाषेत अशी स्थिती होते. ग्रानादा आणि सेविया येथील अन्दालुसियाची बोली गोड आहे, परंतु शब्दांच्या शेवटचा 'स' गळत असल्याने नवशिक्याला एकवचन-अनेकवचन कळणे कठीण जाते. बी-१ झालेल्याने तेथे अवश्य जावे.

ऋतूचाही विचार हवा. जुलै-ऑगस्टमध्ये शाळा उन्हाळी पर्यटकांनी भरलेल्या असतात आणि स्थानिक लोक सुट्टीवर गेलेले असतात, म्हणजे बोलायला माणसेच मिळत नाहीत. सलामांका समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर असल्याने डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा शून्याखाली जातो. माझ्या मते ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीच्या मध्यापासून मेपर्यंतचा काळ सर्वांत फलदायी ठरतो, कारण तेव्हा विद्यापीठ चालू असते आणि शहर आपल्या नेहमीच्या लयीत असते.

लॅटिन अमेरिकेचा पर्यायही चांगला आहे. ग्वाटेमालातील आन्तिग्वा या गावात एका विद्यार्थ्याला एक शिक्षक या पद्धतीने शिकवणाऱ्या अनेक शाळा आहेत आणि यजमान कुटुंबात राहण्याची व्यवस्था तुलनेने स्वस्त असते. परंतु भारतातून तेथपर्यंतचे विमानभाडे त्या बचतीतील मोठा वाटा खाऊन टाकते. कोलंबिया, पेरू, इक्वादोर अशा पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) देशांतून भारतात परतताना त्या लशीचे प्रमाणपत्र जवळ नसेल तर विमानतळावर विलगीकरणात ठेवले जाऊ शकते, म्हणून ती लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रात घ्यावी लागते.

शाळेला विचारायचे प्रश्न

इन्स्तितुतो सेर्वान्तेस स्पॅनिश शिकवणाऱ्या शाळांची तपासणी करून त्यांना मान्यता देते आणि मान्यताप्राप्त शाळांची यादी सर्वांसाठी खुली असते. निवड या यादीतूनच करावी. सलामांका विद्यापीठाचा स्वतःचा परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा विभाग, कुर्सोस इंतेर्नासिओनालेस, हाही भक्कम पर्याय आहे. खासगी शाळांत आठवड्याला वीस तासिकांचे शुल्क साधारण १५० ते २५० युरोंच्या दरम्यान असते. नोंदणी शुल्क आणि पुस्तके यांचा खर्च बहुधा वेगळा असतो, तो आधीच विचारून घ्यावा.

शाळेला ईमेल पाठवून काही गोष्टी लेखी स्वरूपात मिळवाव्यात. वर्गात जास्तीत जास्त किती विद्यार्थी असतात, आणि आपण जाणार त्या महिन्यात आपल्या पातळीचा वर्ग खरोखर भरणार आहे की दोन पातळ्या एकत्र बसवल्या जातात, हे विचारावे. त्या महिन्यात विद्यार्थी कोणकोणत्या देशांचे असतील हेही विचारावे, कारण एकाच देशाचा मोठा गट आला की मधल्या सुट्टीत त्यांचीच भाषा चालते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तासिका किती मिनिटांची आहे ते पाहावे. माहितीपत्रकात 'आठवड्याला २० तासिका' असे लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात तासिका ५० किंवा ५५ मिनिटांची असते. दीर्घ मुदतीच्या विद्यार्थी व्हिसासाठी मात्र आठवड्याला २० तासांच्या अध्यापनाची अपेक्षा ठेवली जाते. म्हणून प्रवेशपत्रावर अभ्यासक्रमाच्या सुरुवातीची व शेवटची तारीख, आठवड्याचे एकूण तास आणि शुल्क भरल्याची नोंद हे स्पष्ट शब्दांत लिहून मागावे.

पहिल्या सोमवारी पातळी ठरवणारी चाचणी होते. तिच्यात पाठ केलेल्या व्याकरणाच्या बळावर आपण वरच्या वर्गात जाऊन बसतो, असा अनुभव भारतीय विद्यार्थ्यांना वारंवार येतो, कारण आपल्याकडे लेखी सराव भरपूर आणि बोलण्याचा सराव तुटपुंजा असतो. दोन दिवसांत वर्ग झेपत नाही असे वाटले तर संकोच न करता खालचा वर्ग मागावा. शाळांना याची सवय असते. बी-१ सारखी एक पूर्ण पातळी आठवड्याला वीस तासिकांच्या वेगाने साधारण ८ ते १२ आठवड्यांत पूर्ण होते, तेव्हा चार आठवड्यांच्या मुक्कामातून अस्खलित बोलण्याची अपेक्षा ठेवू नये आणि तसे आश्वासन देणाऱ्या शाळेपासून दूर राहावे.

व्हिसा आणि पैसे

मुक्काम ९० दिवसांपर्यंत असेल तर अल्प मुदतीचा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा, पुरतो आणि त्यावर भाषेचा अभ्यासक्रम करता येतो. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस हा नियम संपूर्ण शेंगेन क्षेत्राला मिळून लागू होतो, म्हणून मध्ये पॅरिस किंवा लिस्बन पाहून येण्याचे दिवसही त्यातच मोजले जातात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. नियमाने किमान १५ दिवस आधी करायचा असला तरी व्यवहारात दोन-अडीच महिने हाताशी ठेवावेत, कारण भेटीची वेळ मिळण्यातच बराच काळ जातो. जून २०२४ पासून प्रौढांसाठी या व्हिसाचे शुल्क ९० युरो आहे आणि अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क त्यावर वेगळे लागते. प्रवास विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे असावे लागते. महाराष्ट्र आणि गोव्यातील अर्जदारांसाठी स्पेनची मुंबईतील वकिलात आहे.

९० दिवसांपेक्षा अधिक राहायचे असेल तर राष्ट्रीय विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. स्पेनचे परकीय नागरिकांसंबंधीचे नवे नियम २० मे २०२५ पासून लागू झाले असून भाषा शिकणाऱ्यांसाठीच्या अटीही त्यांत नव्याने ठरवल्या आहेत, त्यामुळे त्यापूर्वी जाऊन आलेल्या मित्राच्या कागदपत्रांच्या यादीवर विसंबू नये आणि अर्जाच्या आठवड्यात वकिलातीची यादी पुन्हा वाचावी. उदरनिर्वाहासाठी दरमहा किमान ६०० युरो उपलब्ध असल्याचा पुरावा लागतो. ही रक्कम स्पेनमधील 'इप्रेम' नावाच्या सरकारी निर्देशांकावर ठरते. मुक्काम सहा महिन्यांहून अधिक असेल तर पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र आणि वैद्यकीय प्रमाणपत्र यांचीही भर पडते. परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा शिक्का, आणि अधिकृत अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर यांत काही आठवडे जातात, म्हणून या कागदांची सुरुवात सर्वांत आधी करावी. सहा महिन्यांहून अधिक राहणाऱ्यांनी स्पेनमध्ये उतरल्यावर एका महिन्याच्या आत परकीय नागरिकाच्या ओळखपत्रासाठी अर्ज करायचा असतो, आणि त्याची पोलीस कार्यालयातील भेटीची वेळ पहिल्याच आठवड्यात घेऊन टाकावी.

तेथे काही काम करून खर्च भागवू, हा हिशेब मनातून काढून टाकावा. मुक्काम लांबवण्यापेक्षा पुरेशा पैशांत कमी आठवडे राहणे केव्हाही चांगले, कारण पैशाची ओढाताण असलेला विद्यार्थी खोलीत बसून राहतो आणि बाहेर पडल्याशिवाय कोणी बोलायला भेटत नाही.

घर आणि जेवण

पहिले चार आठवडे तरी यजमान कुटुंबातच राहावे. विद्यार्थी वसतिगृहात राहणे स्वस्त आणि मोकळे वाटते, परंतु तेथे इंग्रजीचे राज्य असते. पुढे ओळखी झाल्यावर स्पॅनिश तरुणांबरोबर भाड्याच्या घरात एक खोली घेता आली तर तीही उत्तम; मात्र घर न पाहता भारतातून अनामत रक्कम पाठवू नये.

यजमान निवडताना शाळेला तीन गोष्टी कळवाव्यात: त्या घरात दुसरा परदेशी विद्यार्थी नको, जेवण यजमानांबरोबर एकाच टेबलावर हवे आणि आहाराचे नियम कोणते आहेत. शाकाहारी व्यक्तीने 'सोय बेखेतारियाना' इतकेच सांगून थांबू नये. पुष्कळ स्पॅनिश घरांत हॅमचे बारीक तुकडे किंवा टूना मासा हे 'मांस' या शब्दात गणलेच जात नाहीत. 'नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो, नी खामोन' असे मांस, कोंबडी, मासे आणि हॅम यांची नावे घेऊन सांगावे, आणि अंडे चालते की नाही तेही सांगावे, कारण तोर्तिया म्हणजे बटाट्याचे जाड ऑम्लेट हा तेथील शाकाहाऱ्याचा मोठा आधार आहे. मसुराच्या आमटीत बहुधा चोरिसो हे डुकराच्या मांसाचे सॉसेज असते आणि टोमॅटोच्या थंड सालमोरेखोवर हॅम भुरभुरलेले असते. सलामांकाच्या परिसरातील गिखुएलो हे गाव हॅमसाठीच प्रसिद्ध आहे आणि ईस्टरनंतरच्या 'लुनेस दे आग्वास' या दिवशी सारे शहर नदीकाठी बसून ओर्नासो नावाची मांस भरलेली पोळी खाते, तेव्हा शाकाहार तेथे समजावून सांगावाच लागतो. हे समजावणे हाही भाषेचा उत्तम सराव आहे. पिस्तो म्हणजे भाज्यांचे परतलेले मिश्रण, पालक घातलेले छोले, टोमॅटो चोळलेला पाव आणि झणझणीत सॉसमधले बटाटे हे पदार्थ सहसा मिळतात.

यजमानांच्या स्वयंपाकघरात रोज फोडणी घालण्याची मुभा गृहीत धरू नये. मात्र एखाद्या रविवारी परवानगी घेऊन बटाट्याची भाजी करावी आणि ती कशी केली ते टेबलावर सांगावे. चिरा, तापवा, घाला, झाका अशी आज्ञार्थी रूपे त्या एका दुपारी जितकी पक्की होतात तितकी वहीत होत नाहीत.

स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोन-तीनच्या सुमारास आणि रात्रीचे नऊ-दहाला होते. जेवण आटोपल्यावर ताटे तशीच ठेवून गप्पा मारत बसण्याची पद्धत आहे, तिला सोब्रेमेसा म्हणतात. शिकणाऱ्यासाठी दिवसातील हा सर्वांत मोलाचा वेळ असतो. पाठ करायचे आहे म्हणून जेवून लगेच खोलीत जाणे हा अत्यंत तोट्याचा सौदा आहे. ज्येष्ठ यजमान बाईंना आपण संस्काराने आदरार्थी 'उस्तेद' म्हणू लागतो. स्पेनमध्ये त्या बहुधा लगेच 'तू' म्हणायला सांगतील आणि तसे म्हणण्यात अनादर नाही. सरकारी कार्यालयात आणि अनोळखी वृद्धांशी बोलताना 'उस्तेद' ठेवावे.

दिवसाची मांडणी

वर्ग हा दिवसाचा अर्धाच भाग आहे. सकाळी शिकलेला काळ किंवा शब्दप्रयोग त्याच दुपारी कोणावर तरी वापरला गेला पाहिजे, अन्यथा आठवड्याअखेर तो विसरला जातो. यासाठी खरेदी छोट्या दुकानांतून आणि मंडईतून करावी. सुपरमार्केटमध्ये आपणच वस्तू उचलतो, यंत्रावर पैसे भरतो आणि एक शब्दही न बोलता बाहेर पडतो. प्लासा मायोर या शहराच्या मुख्य चौकाशेजारच्या मंडईत फळवाल्याकडे गेले की समोर रांग दिसत नाही, चार-पाच जण कसेही उभे असतात. अशा वेळी 'किएन एस एल उल्तिमो?' म्हणजे 'शेवटचे कोण?' असे मोठ्याने विचारायचे. कोणीतरी 'यो' म्हणून हात वर करते. त्या व्यक्तीनंतर आपला क्रमांक, आणि आपल्यानंतर येणाऱ्याला आता आपण 'यो' म्हणायचे. पाळी आली की 'पोन्मे मेदियो किलो दे तोमातेस' म्हणजे 'अर्धा किलो टोमॅटो दे'. 'कृपया', 'शक्य असल्यास' अशा इंग्रजी वळणाच्या पायघड्या येथे लागत नाहीत. आपण 'एक चहा द्या' म्हणतो तसेच हे सरळ असते. खरबूज मागितले तर फळवाला 'पारा ओय ओ पारा मान्याना?' म्हणजे आजच खायचे की उद्या, असे विचारतो, आणि उत्तर दिले की दोन-चार फळे दाबून पाहून हवे ते काढून देतो. इतक्या संवादात आज्ञार्थ, मापे, काळवाचक शब्द आणि धिटाई या चारही गोष्टींचा सराव होतो. रोज तेच दुकान धरले तर दुसऱ्या आठवड्यात फळवाला आपण कोठून आलो ते विचारतो आणि तेथून खरी बोलाचाली सुरू होते.

दुसरे साधन म्हणजे इंतेर्काम्बियो, म्हणजे भाषांची देवाणघेवाण. इंग्रजीचा सराव हवा असलेले स्पॅनिश विद्यार्थी भरपूर आहेत आणि ते जोडीदार शोधत विद्यापीठाच्या फलकांवर चिठ्ठ्या लावतात. आपण आपली चिठ्ठी लावावी आणि भेट शहराच्या रिवाजाप्रमाणे प्लासा मायोरमध्ये घड्याळाखाली ठरवावी. अट एकच ठेवायची: पहिला अर्धा तास फक्त स्पॅनिश, पुढचा अर्धा तास फक्त इंग्रजी, आणि वेळ मोबाइलवर लावायची. क्रम उलटा ठेवला तर ज्याचे इंग्रजी कच्चे तोही ओघात इंग्रजीतच राहतो आणि आपल्या वाट्याचा वेळ संपून जातो. 'कोर्रिखेमे, पोर फाबोर', म्हणजे 'माझ्या चुका सुधार', हे सुरुवातीलाच सांगावे; न सांगितल्यास स्पॅनिश माणूस चुका सौजन्याने सोडून देतो.

तिसरे साधन म्हणजे भाषेशी संबंध नसलेला एखादा छंद. गिर्यारोहणाचा गट, बुद्धिबळाचा क्लब, गायनवृंद, जे आवडते त्यात नाव घालावे. तेथे लोक आपल्या स्पॅनिशसाठी थांबत नाहीत आणि सावकाशही बोलत नाहीत, त्यामुळे शिक्षकाच्या स्पष्ट उच्चारांपलीकडचे स्पॅनिश कानावर येते. विद्यापीठाच्या जुन्या इमारतीतील फ्राय लुइस दे लेओन यांच्या अध्यापनाची खोली, तिच्यातील ओबडधोबड लाकडी बाकांसह, अवश्य पाहावी. इन्क्विझिशनने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मन्यायालयाने, १५७२ मध्ये या प्राध्यापकाला अटक केली आणि १५७६ मध्ये त्यांची सुटका झाली. बायबलमधील एका काव्याचे स्पॅनिशमध्ये भाषांतर केले हाही त्यांच्यावरील आरोपांचा भाग होता. लोकभाषेत धर्मग्रंथ आणणाऱ्यांची परंपरा आणि त्यासाठी त्यांनी सोसलेला छळ आपल्याला परका नाही, त्यामुळे ती खोली पाहताना मराठी माणूस थबकतोच. इमारतीची माहिती ऐकताना मार्गदर्शन स्पॅनिशमध्येच मागावे.

घरी रोज व्हिडिओ कॉल करण्याऐवजी आठवड्यातून दोन वेळा ठरवून बोलावे. हे घरच्यांना निघण्यापूर्वीच समजावून सांगणे बरे, नाहीतर चौथ्या दिवशी काळजी सुरू होते. मोबाइलची भाषा स्पॅनिश करावी. रात्री झोपण्यापूर्वी दिवसभरात जे सांगायचे होते पण सांगता आले नाही अशी तीन-चार वाक्ये वहीत लिहावीत आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकांकडून दुरुस्त करून घ्यावीत. ही माझ्या मते सगळ्या शब्दसंग्रहांपेक्षा उपयोगी वही ठरते, कारण तिच्यातील प्रत्येक वाक्य आपल्याला खरोखर हवे होते.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात बहुतेकांची गाडी अडकते. सुरुवातीची वेगवान प्रगती थांबते, डोके दुखू लागते आणि आधी येत होते तेही चुकते. हा टप्पा सहसा भूतकाळ सांगण्याच्या जागी येतो, कारण घडलेली गोष्ट सांगताना स्पॅनिशमध्ये दोन भूतकाळ सतत अदलाबदल करून वापरावे लागतात. येथेही मराठीचा आधार घ्यावा: 'जात असे' किंवा 'जायचो' म्हणावेसे वाटेल तेथे इंपेर्फेक्तो आणि 'गेलो' म्हणावेसे वाटेल तेथे इंदेफिनिदो, असे धरून चालले तर बहुतेक वाक्ये जमतात. रोज एक लहानपणीची आठवण यजमानांना सांगण्याचा नेम ठेवावा. आजोळची उन्हाळ्याची सुट्टी या एका विषयात दोन्ही भूतकाळांचा भरपूर सराव होतो.

परीक्षा आणि परतल्यानंतर

स्पॅनिशचे अधिकृत प्रमाणपत्र हवे असेल तर दोन मार्ग आहेत. देले ही परीक्षा इन्स्तितुतो सेर्वान्तेस स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीने घेते, तिचे प्रमाणपत्र कायमस्वरूपी असते आणि उमेदवाराने एक विशिष्ट पातळी निवडून तिलाच बसायचे असते. बी-२ साठी वाचन-लेखनाच्या गटात ५० पैकी ३० आणि ऐकणे-बोलण्याच्या गटातही ५० पैकी ३० गुण मिळवावे लागतात, म्हणजे लेखी गुणांच्या जोरावर तोंडी परीक्षेतील उणीव भरून निघत नाही. निकालाला काही महिने लागतात. सिएले ही संगणकावरील परीक्षा सेर्वान्तेस, मेक्सिकोचे राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठ, सलामांका विद्यापीठ आणि बुएनोस आइरेस विद्यापीठ मिळून घेतात. तिच्यात उत्तीर्ण-अनुत्तीर्ण नसते, गुणांनुसार पातळी कळते, निकाल साधारण तीन आठवड्यांत येतो आणि प्रमाणपत्र पाच वर्षे ग्राह्य असते. विद्यापीठ प्रवेशासाठी किंवा अध्यापनासाठी देले घ्यावी; नोकरीच्या अर्जात लगेच काही दाखवायचे असेल तर सिएले सोयीची. कोणतीही निवडली तरी तारीख परतीच्या आदल्या आठवड्यात येईल अशी आखावी, कारण बोलण्याची धार तेव्हा सर्वाधिक असते. देलेच्या तारखा वर्षातून ठरावीकच असल्याने विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी त्या पाहून घ्याव्यात.

परतल्यावर पहिल्या तीन महिन्यांत बोलणे झपाट्याने गंजते. सलामांकातील इंतेर्काम्बियोचा जोडीदार त्यासाठी टिकवून ठेवावा आणि निघण्यापूर्वीच आठवड्याचा वार व वेळ ठरवून घ्यावी. स्पेन तिकडच्या उन्हाळ्यात भारताच्या साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असताना तेथे हंगामानुसार सहा किंवा पाच वाजलेले असतात; ऑफिस आणि जेवण आटोपून आपण मोकळे झालेलो असतो आणि तिकडच्या विद्यार्थ्याचेही दुपारचे वर्ग बहुधा संपत आलेले असतात. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातील घड्याळे बदलतात, तेव्हा त्या दोन आठवड्यांत आदल्या दिवशी वेळेची खात्री करून घ्यावी.